रेशनवरली की चुलीवरली?

जालना जिल्ह्यातल्या परतूरहून एका वाचकाचं चार पानी पत्र आलं आहे. स्पर्धा परीक्षेसाठी लोकसंख्या भूगोल वाचतायत. पुस्तकातल्या व्याख्या पाठ झाल्या, पण गावाकडे बघितलं की एकही व्याख्या बसत नाही, अशी त्यांची तक्रार आहे. नाव छापू नका म्हणाले, म्हणून छापत नाही. प्रश्न पाच आहेत. पहिल्यावर जरा ऐसपैस बोलतो, कारण बाकीचे चारही त्याच्याच पोटात आहेत.

प्रश्न : दसरा-दिवाळी झाली की आमच्या गावात ट्रक-ट्रॅक्टर येतात आणि बरीच घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात. परततात ती पाडव्याच्या आगेमागे. जनगणना मात्र फेब्रुवारीत होते. मग आमच्या गावची खरी लोकसंख्या कोणती? फेब्रुवारीतली की आषाढातली?

2011 साली मी मराठवाड्यातल्याच एका गावात प्रगणक होतो. शाळेचे तास उरकायचे आणि कागदांची पिशवी घेऊन गल्लीत शिरायचं. एका ओळीत पाच घरं कुलूपबंद. सहाव्या घराच्या उंबऱ्यावर एक म्हातारी तूर निवडत बसलेली, शेजारी दोन नातवंडं. विचारलं, "आजी, घरात माणसं किती?" तिनं सूप खाली ठेवलं. "कोनती सांगू गुरुजी? रेशनवरली का चुलीवरली?"

रेशनवरली सात होती. चुलीवरली तीन.

लोकसंख्येच्या अभ्यासातला सगळ्यात जुना वाद तिनं एका वाक्यात मांडला होता. माणूस मोजायचा तो कुठला धरून? मोजणीच्या वेळी जिथे सापडला तिथला, की जिथे त्याचं घरदार आणि हक्क आहे तिथला? पहिल्या पद्धतीत हजर लोकसंख्या मिळते, दुसरीत नेहमीच्या वास्तव्याची. दोन्ही खऱ्या असतात. त्या सारख्या यायलाच हव्यात असं मात्र नाही, आणि ऊसतोडीच्या गावात तर त्या एकमेकींच्या जवळही येत नाहीत.

आपल्याकडे आधी पहिली पद्धत होती. 1881 पासून 1931 पर्यंतच्या जनगणना एका रात्रीच्या. ठरलेल्या रात्री जो जिथे असेल तो तिथला. त्यासाठी रात्रही बघून निवडायचे. चांदणं हवं, म्हणजे प्रगणकाला वाट दिसेल. मोठी यात्रा नको, लग्नाची दाट तिथी नको, म्हणजे लोक घरी सापडतील. 1931 ची रात्र 26 फेब्रुवारीची होती. परतूर तेव्हा निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे सरकारी कागदावर या कामाचं नाव मर्दुमशुमारी, म्हणजे माणसांची मोजदाद. मराठीत आपण खानेसुमारी म्हणायचो. त्यातला 'खाना' म्हणजे घर. एका भाषेनं माणूस मोजला, दुसरीनं घर. म्हातारीचा प्रश्न या दोन शब्दांच्या मधल्या फटीतलाच आहे.

1941 पासून ती एक रात्र गेली आणि मोजणी काही दिवस चालू लागली. 2011 ला 9 ते 28 फेब्रुवारी असे वीस दिवस होते. नियम साधा आहे. जो नेहमी त्या घरात राहतो आणि या वीस दिवसांत काही काळ तरी तिथे होता, तो त्या घरचा. आणि जो वीसही दिवस आपल्या घरापासून लांब होता, तो जिथे सापडेल तिथला. मग 1 मार्चच्या मध्यरात्रीचा ठोका धरून, मधल्या काळात कोण जन्मलं, कोण गेलं, याची दुरुस्ती 5 मार्चपर्यंत करायची. कुटुंबाची व्याख्या तर याहून सोपी: एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. आजीनं पुस्तक न वाचता बरोबर शब्द वापरला होता.

या नियमानं तिचा मुलगा, सून आणि आणखी दोघं कुठे मोजले जायला हवे होते? कोल्हापूर-सांगलीकडच्या किंवा कर्नाटकातल्या एखाद्या कारखान्याच्या हद्दीत, पाचट आणि ताडपत्रीच्या कोपीत. मोजले गेले का, ते देव जाणे. प्रगणक दिवसा जातो आणि टोळी पहाटेच फडात गेलेली असते. आज या शिवारात, परवा पुढच्या. बेघरांसाठी 28 फेब्रुवारीची रात्र राखून ठेवलेली होती. पण कोपी हे घर की बेघर, यावर प्रगणकाप्रगणकात मतभेद झाले असतील तर मला नवल वाटणार नाही. असा माणूस दोन्हीकडून सुटू शकतो. आणि "लिहा हो, आमचेच हायेत ते" म्हणून गावी कुणी नाव लावलं असेल, तर तो दोन्हीकडे येऊही शकतो.

मी तीनच लिहिले. आजी चिडली. तिला वाटलं, रेशन कापणार. जनगणना कायदा 1948 चा आहे, घराघराची माहिती गुप्त ठेवावी लागते, रेशनच्या खात्याला ती मिळत नाही, हे मी तिला समजावलं. तिला ते पटलं असं मला वाटत नाही. पण तिची भीती अगदीच फोल नव्हती. नाव फुटत नाही, पण बेरीज सगळीकडे पोचते. ग्रामपंचायतीचे सदस्य 7 असावेत की 17, हे लोकसंख्येवरून ठरतं. वित्त आयोगाचा निधी गावागावांत वाटताना लोकसंख्या हाच मोठा आधार असतो. म्हणजे ज्या गावचे लोक पोटासाठी बाहेर जातात, त्या गावाला फेब्रुवारीतल्या मोजणीनं कमी मिळतं. हा माझ्या मते या पद्धतीतला सगळ्यात मोठा दोष आहे. फेब्रुवारी निवडण्यामागे हवा, शाळा, शेतीची कामं असा सगळा विचार आहे, पण तो कोयत्याचा हंगाम आहे हे त्या विचारात बसत नाही. पुढची जनगणनाही 1 मार्च 2027 ची मध्यरात्र धरूनच होणार आहे. कागदाऐवजी मोबाइल आला, जातीची नोंद आली, महिना तोच.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर: गावची लोकसंख्या म्हणजे नुसता आकडा नव्हे. 'अमुक तारखेला, अमुक नियमानं' हे शेपूट त्याला लावल्याशिवाय तो पुरा होत नाही. परीक्षेत लिहाल तेव्हा हे शेपूट तोडू नका.

प्रश्न : एवढी माणसं बाहेर जातात, तरी जालना जिल्ह्याची लोकसंख्या वाढतेच. हे कसं?

कारण ती परत येतात. भूगोलात याला हंगामी किंवा आवर्ती स्थलांतर म्हणतात. कायमचं स्थलांतर वेगळं. जिल्ह्याच्या हिशेबात दोनच गोष्टींनी फरक पडतो: जन्मातून मृत्यू वजा केले की जी उरते ती नैसर्गिक वाढ, आणि कायमचे आलेले वजा कायमचे गेलेले. जालना जिल्ह्यात 2001 ला 16,12,980 माणसं होती, 2011 ला 19,59,046. दहा वर्षांत 21.46 टक्के वाढ. त्याच दशकात महाराष्ट्राची वाढ 15.99 टक्के. उलट रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या त्याच दहा वर्षांत जवळपास 5 टक्क्यांनी घटली. तिकडचा माणूस मुंबईला गेला तो तिकडचाच झाला. गणपतीला आणि शिमग्याला येतो, तेवढाच. तुमचा माणूस पाडव्याला येतो आणि खरिपाची पेरणी करतो.

माणूस का जातो, याचं उत्तर पुस्तकात ढकलणाऱ्या आणि ओढणाऱ्या कारणांत दिलेलं असतं. एव्हरेट ली यांनी 1966 मध्ये त्यात तिसरी गोष्ट घातली: मधले अडथळे. तुमच्याकडे ढकलणारं कारण उघड आहे. कोरडवाहू जमीन, कापूस-सोयाबीन-तूर यावरच भिस्त, आणि रब्बीला पाणी असेलच याची खात्री नाही. ओढणारं कारण म्हणजे कारखान्याचा गाळप हंगाम. अडथळा असतो तो वाटखर्चाचा आणि ओळखीचा, आणि तो मुकादम दूर करतो. आधी उचल देतो, गाडी दारात आणतो. उचल फिटेपर्यंत माणूस अडकतो, हा त्या व्यवहाराचा दुसरा अर्थ. ली यांच्या आकृतीत मुकादम नाही. तुमच्या उत्तरपत्रिकेत असू द्या.

आणखी एक गंमत. पत्रात तुम्ही जुन्या आकड्यांची तुलना केली आहे आणि परतूर तालुक्याची लोकसंख्या एका टप्प्यावर एकदम खाली आलेली दिसते, म्हणून विचारलंय की साथ आली होती का. नाही. परतूर आधी परभणी जिल्ह्यात होतं. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला तेव्हा ते इकडे आलं. पुढे मंठा वेगळा तालुका निघाला. म्हणजे घराचा उंबरा न ओलांडताही माणसं जिल्हा आणि तालुका बदलतात. दोन जनगणनांची तुलना करण्याआधी नकाशाची तुलना करावी लागते. हा धडा मी स्वतः एकदा तोंडघशी पडून शिकलो आहे, तपशील सांगत नाही.

प्रश्न : जालना जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 937 स्त्रिया आणि रत्नागिरीत 1122. कोकणात मुली जास्त जन्मतात का?

नाही हो. कोकणातून पुरुष जास्त जातात. गिरणीच्या काळापासून मुंबईला जायचा तो बाप्या, एकटा. खोलीत दहा-पंधरा जणांत राहायचा, खानावळीत जेवायचा, मनीऑर्डर धाडायचा. मागे शेत, म्हातारी माणसं आणि बाई. त्यामुळे लिंग गुणोत्तर बाईच्या बाजूनं झुकलं.

तुमच्याकडचं स्थलांतर जोडीचं आहे. मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायको दोघं. तो तोडतो, ती मोळी बांधते, दोघं मिळून गाडी भरतात. एकटा गेला तर अर्धा कोयता. एक पुरुष वजा, एक स्त्री वजा, म्हणून गुणोत्तराला धक्काच बसत नाही. याचा खरा ठसा वयोरचनेवर उमटतो. लोकसंख्येचा मनोरा काढतात तो पाहिला असेल: खाली मुलं, मधे कमावते, वर म्हातारे, डावीकडे पुरुष, उजवीकडे स्त्रिया. तुमच्या गावचा जानेवारीतला मनोरा काढलात तर त्याची कंबर दोन्ही बाजूंनी आत गेलेली दिसेल. रत्नागिरीचा काढलात तर डावीकडूनच. कमावत्यांमागे किती खाणारे, याला अवलंबित्वाचं गुणोत्तर म्हणतात. जानेवारीत तुमच्या गावात ते भलतंच चढलेलं असणार. पोरांसाठी हंगामी वसतिगृहं आहेत, पण जिथे नाहीत किंवा वेळेवर सुरू होत नाहीत तिथे पोरं आजीजवळ, नाहीतर आईबरोबर फडात.

आता यात एक कडू आकडा आहे, तो टाळून पुढे जाणार नाही. 2011 ला जालना जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे 870 मुली होत्या. त्याच्या दहा वर्षं आधी 903. शेजारच्या बीडमध्ये 807. सहा वर्षांची पोर एकटी स्थलांतर करत नाही. निसर्गतः हजार मुलग्यांमागे साधारण 950 मुली जन्मतात. उरलेला फरक सोनोग्राफीच्या खोलीत पडला आहे. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा 1994 चा कायदा त्याचसाठी आहे. या एका आकड्याला स्थलांतराचं पांघरूण घालू नका.

आणि जाता जाता: देशात सगळ्यात जास्त स्थलांतर कोण करतं? बाई. लग्न होऊन. ई. जी. रावेनस्टाइन यांनी 1885 मध्ये ब्रिटनच्या जनगणना चाळून स्थलांतराचे काही नियम मांडले. बहुतेक लोक जवळच जातात आणि जवळच्या अंतरात बायका जास्त हलतात, हे त्यातलेच दोन. तुमच्या आईचं, आजीचं माहेर कुठलं ते बघा. सेलू, मंठा, घनसावंगी, फार तर परभणी. रावेनस्टाइनला परतूर माहीत नव्हतं, तरी सोयरिकीचा नकाशा त्याला बरोबर सापडला होता.

प्रश्न : हल्ली घरोघर दोनच मुलं. मग लोकसंख्या थांबत का नाही?

आजोबांना चार मुलं झाली समजा, दोन मुलगे, दोन मुली. तेव्हा घरात माणसं सहा. मुली सासरी गेल्या, दोन सुना आल्या. मुलांनी ठरवून दोन-दोनवरच थांबवलं. आता घरात मोजा: आजी-आजोबा दोन, मुलगे-सुना चार, नातवंडं चार. दहा. प्रत्येकानं दोनच मुलांचा नियम पाळला तरी सहाचे दहा झाले. आजी-आजोबा गेल्यावरही आठ. कारण मूल होण्याच्या वयाची जोडपीच आधीच्या पिढीपेक्षा जास्त आहेत. याला लोकसंख्येची गती म्हणतात. ब्रेक दाबला तरी गाडी काही अंतर जातेच. महाराष्ट्रात 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एका स्त्रीमागे सरासरी 1.7 मुलं निघाली. पिढीची जागा पिढीनं भरायला 2.1 लागतात. ब्रेक कधीच दाबला गेलाय.

ती गाडी इतक्या वेगात आली कशी, याची गोष्ट तुमच्याच भागाच्या आकड्यांत आहे. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या 1911 ला सुमारे 1 कोटी 33 लाख होती, 1921 ला 1 कोटी 24 लाख. दहा वर्षांत नऊ लाख माणसं कमी. अवर्षण, प्लेग, आणि 1918 ची इन्फ्लुएन्झाची साथ. संबंध देशाची लोकसंख्याही त्या दशकात किंचित घटली. जनगणनेच्या इतिहासात तसं नंतर कधी झालं नाही. म्हणून 1921 ला महाविभाजक वर्ष म्हणतात. त्याआधी जन्म भरपूर आणि मृत्यूही भरपूर, म्हणून बेरीज रेंगाळत होती. नंतर मृत्यू आधी उतरले, जन्म बऱ्याच उशिरा. या दोन उतारांमधल्या काळात लोकसंख्या फुगते. वॉरेन थॉम्पसन यांनी 1929 मध्ये अशा टप्प्यांची मांडणी केली, पुढे तीच लोकसंख्या संक्रमण म्हणून पाठ्यपुस्तकात आली. तुमच्या पणजीच्या आठ बाळंतपणांपैकी किती जगली, हे घरात कुणाला आठवत असेल तर विचारून ठेवा. पहिला टप्पा म्हणजे काय ते आकृतीपेक्षा लवकर कळेल.

प्रश्न : जिल्ह्याची घनता चौरस किलोमीटरला 255, गडचिरोलीची 74. म्हणजे गडचिरोलीत जमिनीवरचा भार कमी, बरोबर ना? आणि गावाच्या अभ्यासाची सुरुवात कुठून करू?

अर्धं बरोबर. 255 ही साधी घनता. माणसं भागिले क्षेत्रफळ. पण माणूस क्षेत्रफळ खात नाही, पीक खातो. गडचिरोलीचा बहुतेक भाग जंगल आहे. माणसांना नुसत्या लागवडीच्या जमिनीनं भागलं की वेगळाच, बराच मोठा आकडा येतो. ती पोषण घनता. नुसत्या शेतकऱ्या-शेतमजुरांना त्याच जमिनीनं भागलं की कृषी घनता. मुंबई उपनगराची साधी घनता वीस हजारांच्या वर आहे, तिथे पोषण घनता काढणं हा विनोद ठरेल. जालना जिल्ह्यात जवळजवळ सगळीच जमीन नांगराखाली, त्यामुळे तुमच्याकडे या आकड्यांत तितकी फारकत नाही. मात्र घनता आणि वितरण यांची गल्लत करू नका. 255 म्हणजे दर चौरस किलोमीटरवर 255 माणसं उभी आहेत असं नाही. ती दुधनेच्या काळ्या जमिनीच्या कडेनं, मनमाड-सिकंदराबाद रेल्वेच्या स्टेशनांभोवती आणि रस्त्यालगत गोळा झालेली आहेत. मधे शिवार, त्यात कुठे वाडी, कुठे तांडा.

सुरुवातीचं म्हणाल तर ग्रामपंचायतीत जन्म-मृत्यूची नोंदवही असते. 1969 च्या कायद्यानं नोंद सक्तीची आहे. दहा वर्षांचे जन्म आणि मृत्यू उतरवून घ्या, नैसर्गिक वाढ तुमची तुम्हाला काढता येईल. जिल्हा जनगणना पुस्तिकेत 2011 चे गावनिहाय आकडे मिळतात, त्याच्याशी ताडून पाहा. शाळेतली ऑक्टोबरची आणि जानेवारीची पटावरची हजेरी शेजारी शेजारी ठेवा. आणि हे सगळं कागदावर झालं की एका संध्याकाळी पिठाच्या गिरणीवर जाऊन बसा. दिवाळीआधी रोज किती दळण यायचं आणि आता किती येतं, ते गिरणीवाल्याला विचारा. तो वही ठेवत नसेल, पण पट्टा किती वाजता बंद करतो हे तो नक्की सांगेल.